येण्याजाण्याचं वेगळं

माझ्या बिलात दोनच ओळी असतात. वरची काचांची, खालची वाटेची. काचांच्या ओळीवर घासाघीस होते. माणूस खिडकीशी जातो, काचेवर बोट ओढून बघतो, पन्नास-शंभर कमी करायला लावतो आणि पैसे देतो. वाटेच्या ओळीवर मात्र चांगली शिकलीसवरलेली माणसं थेट अध्यात्मात शिरतात. "तुम्ही बदलापूरला राहता, त्याला आम्ही काय करणार?" असं म्हणणाऱ्या बाईंना आपण कर्मविपाकावर बोलतोय हे ठाऊक नसतं. "आलात नि गेलात, त्यात तुमचं काय गेलं?" म्हणणारे गृहस्थ काळ कोणाच्या मालकीचा या प्रश्नाला हात घालत असतात. मी बादली खाली ठेवून ऐकून घेतो. पैसे मात्र सोडत नाही.

याच घरांत सत्यनारायणाला गुरुजी येतात. फोनवर दक्षिणा सांगतात आणि वर म्हणतात, "येण्याजाण्याचं वेगळं." त्यावर कुणी वाद घातलेला मी पाहिला नाही. यजमान स्वतः रिक्षा थांबवून ठेवतात. गुरुजींचं चूक आहे असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच, की वाट ही कामात धरायची असते हे सगळ्यांना मुळात माहीत असतं.

मी आधी दोरावरचं काम करायचो, ऐरोलीच्या काचेच्या इमारतींवर, ठेकेदाराच्या टोळीत. पहाटे कळव्याच्या नाक्यावर जीप यायची. हजेरी लागायची ती साइटच्या गेटातून आत गेल्यावर. विटाव्याला जीप अडकली की तो वेळ कुणाचाच नसायचा. ठेकेदाराचा नाही, कारण तो पैसे देत नव्हता. आमचा नाही, कारण आम्ही उतरून घरी जाऊ शकत नव्हतो. जगात कुणाचाच नसलेला वेळ असू शकतो ही गोष्ट मला तेव्हापासून खटकते. पुढे गुडघ्याने दोर सोडायला लावला आणि मी स्वतंत्रपणे घरगुती खिडक्या धरल्या. मुलुंड, ठाणे, घोडबंदर रोड, अधूनमधून पवई.

घरगुती खिडकी लांबून सोपी दिसते. सरकत्या खिडकीचं बाहेरचं तावदान जागेवर धुता येत नाही. ते दोन्ही हातांनी वर उचलून वरच्या खाचेत शिरवायचं, खालची कड रुळावरून सोडवून आत ओढायची आणि लादीवर जुनं गोणपाट टाकून त्यावर उभं करायचं. रुळात पावसाने बसलेला चिखल, कबुतराची पिसं, कधी एखादं अंडं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग साबणाला दाद देत नाहीत. त्यांच्यावर व्हिनेगरचं फडकं चिकटवून ठेवावं लागतं. मग वॉशरने काच ओली करायची, वरची एक कड कापडाने कोरडी करायची आणि तिथून रबर टेकवून नागमोडी ओढत खाली आणायचं. हात मध्ये थांबला की तिथे रेघ उमटते. रबर प्रत्येक ओढीनंतर पुसायचं. हे सगळं गिऱ्हाइकाला दिसतं, म्हणून त्याचे पैसे पटतात. लांब दांडा आणि बादली घेऊन लगेजच्या डब्यात माशांच्या पाट्यांशेजारी उभं राहणं दिसत नाही. सोसायटीच्या गेटवर पहारेकऱ्याच्या मोबाइलवर फोटो काढून घेऊन वरून होकार येईपर्यंत थांबणं, हेही दिसत नाही.

धंद्यातले सगळे मला एकच सल्ला देतात: "वाट वेगळी कशाला लिहितोस? काचांच्या दरात मिसळून टाक. कुणाला कळणारही नाही." इंग्लंडमधल्या खिडकीवाल्यांचे व्हिडिओ मी बघतो. तिथे ज्याचा त्याचा 'राउंड' असतो, ठरलेल्या गल्ल्या, ठरलेले आठवडे, एका घरातून निघालं की शेजारच्या घरात. वाटेचा प्रश्न निघूच नये अशीच त्यांची मांडणी असते, आणि निवृत्त होताना तो राउंड विकताही येतो. आपल्याकडे तसं जमत नाही. एक गिऱ्हाईक मुलुंडला, दुसरं कासारवडवलीला. मग मिसळायचं म्हणजे काय करायचं? मुलुंडच्या घराच्या दरात कासारवडवलीच्या वाटेचा थोडा भाग घालायचा. म्हणजे स्टेशनला लागून राहणाऱ्या म्हातारीने हायवेवरच्या टॉवरमधल्या जोडप्याची वाट भरायची, आणि तिला ते कळूही द्यायचं नाही. पतंजलींच्या यमांमध्ये सत्यानंतर लगेच अस्तेय येतं. मिसळलेल्या दरात दोन्ही एकदमच मोडतात. रक्कम वीस-तीस रुपयांचीच असते हे मान्य. पण चोरी रकमेवर ठरत असती तर खिसेकापूंपैकी निम्मे साधू निघाले असते.

या सगळ्यावर माझ्याशी मनापासून भांडणारे एकच गिऱ्हाईक आहे, मुलुंड पूर्वेचे अण्णा. शाळेत संस्कृत शिकवायचे. आता ऐंशीच्या पुढे आहेत, नजर अधू आहे, आणि तरीही खिडकीच्या कोपऱ्यात राहिलेला डाग त्यांना दिसतो. पहिल्यांदा बिल हातात घेतलं तेव्हा त्यांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"वाटेचे, अण्णा."

"अरे, कर्म करावं, फळाची आशा धरू नये. गीता वाचलीस ना?"

गीता घरात होती, म्हणून ऐकलेली होती, पुढे वाचलीही. माझं उत्तर तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे. फळ म्हणजे काच स्वच्छ निघणं, गिऱ्हाइकाने नाव काढणं, पुन्हा बोलावणं. त्याची आशा मी धरत नाही असं म्हणणार नाही, पण त्यावर माझा हक्क नाही हे मला कळतं. मजुरी हे फळ नव्हे. गीतेच्या तिसऱ्याच अध्यायात देणंघेणं चक्रासारखं फिरतं ठेवायला सांगितलं आहे आणि जो घेतो पण परत देत नाही त्याला चोर म्हटलं आहे. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्या विनोबांनी आयुष्यभर शरीरश्रमाची महती सांगितली, पण श्रम करणाऱ्याने फुकट राबावं असं कुठे सांगितल्याचं मला आढळलं नाही. निष्काम व्हायचं ते करणाऱ्याने, करवून घेणाऱ्याने दुसऱ्याला निष्काम करायचं नसतं.

अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "बरं. पण तू लांब राहतोस हे तुझं प्रारब्ध. त्याचं बिल मला का?"

हा मुद्दा मात्र हलका नाही. मी बदलापूरला का राहतो? कारण मुलुंडचं भाडं परवडत नाही. मुलुंडच्या खिडक्या धुणाऱ्याला मुलुंडमध्ये राहता येऊ नये हे कोणी एका माणसाने ठरवलेलं नाही. अण्णांनी तर नाहीच. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर आहे आणि त्या रुळांवरून रोज पहाटे जी गर्दी येते, तिला शहराने आपल्या कामासाठी जवळ बोलावलंय आणि झोपण्यासाठी लांब ठेवलंय. त्याला प्रारब्ध म्हणायचं तर म्हणा. वेदान्तात संचित, प्रारब्ध, क्रियमाण असे भाग आहेत आणि प्रारब्ध भोगूनच संपतं असं म्हणतात. पण मला त्यात एक गोष्ट स्पष्ट दिसते: प्रारब्ध हा शब्द माणसाने स्वतःबद्दल वापरायचा. मी म्हणावं, माझं प्रारब्ध. समोरच्याने माझं देणं चुकवताना तो वापरला की तो शब्द वेदान्ताचा राहत नाही. अण्णा शाळेत होते तेव्हा निवडणुकीच्या ड्युटीवर जायचे आणि प्रवासभत्ता घ्यायचे. मी विचारलं, "तो तुमच्या प्रारब्धातून वजा झाला का?" त्यावर मात्र हसले.

तरी त्यांच्या बोलण्यातला निम्मा भाग मी मान्य केला आहे. मी घर कुठे करावं हा खरोखरच माझा प्रश्न आहे. उद्या मी कर्जतला राहायला गेलो तर मुलुंडच्या माणसाने जास्त का द्यावं? म्हणून मी वाट बदलापूरपासून मोजत नाही. ठाण्यापासून मोजतो. खिडक्यांचं काम करणारे बरेचसे ठाणे-कळव्याच्या आसपास मिळतात. गिऱ्हाइकाला कुणीतरी तिथून बोलवावंच लागलं असतं. तिथून पुढची वाट त्याची, तिथपर्यंतची माझी. यात धर्म किती आणि सोय किती हे मला वेगळं करता येत नाही.

पुढच्या खेपेला अण्णांनी कौटिल्य काढून ठेवला होता. र. पं. कंगले यांनी संपादित केलेलं आणि मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत काढलेलं अर्थशास्त्र त्यांच्या कपाटात आहे. तिसऱ्या अधिकरणात मजुरांच्या वेतनाचा भाग आहे. तिथे एक जुना वाद नोंदवलेला आहे आणि तो कुणाही मजुराने वाचावा असा आहे. मजूर कामाला हजर झाला, पण मालकाने काम दिलंच नाही; मग काय? कौटिल्याच्या आधीचे आचार्य म्हणतात, काम झालं असंच धरावं. कौटिल्य म्हणतो, नाही. वेतन केलेल्या कामाचं असतं, न केलेल्याचं नसतं.

अण्णांनी पुस्तक मिटलं आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पुढचं वाक्य वाचा." मला ते माहीत नव्हतं, शास्त्रकार नियम सांगून लगेच अपवाद सांगतात एवढं कानावर होतं. पुढचं वाक्य निघालंही तसंच. मालकाने थोडंसं जरी काम करून घेतलं आणि मग थांबवलं, तर सगळं काम झालं असं धरावं.

कौटिल्यासारखा काटेकोर माणूसही इथे आरंभाला पूर्णत्वाचं मोल देतो. मग खरा प्रश्न वेतनाचा उरतच नाही. काम सुरू कधी झालं, हा प्रश्न उरतो. खिडकी धुणं कधी सुरू होतं? काचेवर पाणी पडतं तेव्हा? तावदान रुळावरून उचललं तेव्हा? दार उघडून बाई "या" म्हणतात तेव्हा? की आदल्या रात्री फोनवर "उद्या दहाला या" असं ठरलं आणि त्या शब्दावर मी सकाळी घर सोडलं तेव्हा?

हा नुसता वादाचा मुद्दा नाही. घोडबंदर रोडच्या एका घरी मी तीन जागी गाडी बदलून पोचलो. मेट्रोच्या कामाने रस्ता अर्धा झालेला, बस रांगत होती. दारातच उत्तर मिळालं, "आज नको, पाहुणे आलेत, परवा बघू." बाई रागावलेल्या नव्हत्या, उलट पाणी विचारलं. मी वाटेचे पैसे मागितले तेव्हा त्यांना मनापासून आश्चर्य वाटलं: काम तर झालंच नाही! त्या कौटिल्याच्या बाजूला होत्या, मी आचार्यांच्या. त्या आचार्यांची नावं तिथे दिलेली नाहीत, पण त्यांच्यापैकी कुणीतरी कधीतरी कुणाच्या तरी दारात जाऊन परत आलेला असणार असं मला वाटत राहतं.

अण्णांकडे हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी जैमिनी काढला. मीमांसा म्हणजे यज्ञातल्या बारीकसारीक कृत्यांचा कायदा, एवढंच मला माहीत होतं. वाईच्या केवलानंद सरस्वतींनी त्या शास्त्राचा सात खंडांचा मीमांसाकोश केला, हे अण्णांनीच सांगितलं, आणि असल्या प्रश्नांसाठी दुसरीकडे जायची गरज नाही हेही. मीमांसक प्रत्येक कृत्याला विचारतात: तू कोणासाठी? काही कृत्यं यज्ञासाठी असतात, काही माणसाच्या स्वतःच्या हितासाठी. आणि एखादं कृत्य दोन गोष्टींच्या कामी आलं, तर त्यातली कोणती गोष्ट त्याला प्रत्यक्ष घडवते, हे शोधून काढतात. जी घडवते ती प्रयोजक.

उदाहरण असं. सोमयागासाठी सोमवल्ली विकत घ्यायची असते आणि तिची किंमत म्हणून एक वर्षाची कालवड द्यायची असते. कालवड चालवत नेतात. तिचं सातवं पाऊल जिथे पडतं तिथली माती उचलून ठेवतात, कारण ती पुढे गाडीच्या आसाला लावायची असते. आता सांगा, कालवड चालवत नेली ती कशासाठी? सोमासाठी की मातीसाठी? जैमिनींचा निकाल: सोमासाठी. माती वाटेत मिळाली. मातीने काही कालवडीला चालायला लावलं नाही, म्हणून नुसत्या मातीसाठी कालवड पुन्हा चालवायची नसते.

मी बादली घेऊन तसाच उभा राहिलो. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बसून चालण्याचा हिशोब कुणाच्या नावावर लिहायचा यावर डोकं शिणवलं होतं, आणि त्याचा निकाल माझ्या रोजच्या अडचणीला चपखल बसत होता.

ती अडचण अशी. एका घरी काम चालू असतं आणि समोरच्या फ्लॅटचं दार उघडतं. "आलाच आहात तर आमच्याही करून टाका." या 'आलाच आहात तर'ने मला फार छळलं आहे. त्यांच्याकडून वाट घ्यायची का? घेतली तर एकाच वाटेचे दोनदा पैसे घेतले. न घेतली तर पहिल्या घरच्या बाई म्हणतात, "तिच्याकडून नाही घेतले, मग माझ्याकडून का?" जैमिनींच्या हिशोबाने समोरचं घर सातव्या पावलाची माती आहे. त्याने मला चालायला लावलं नाही. वाट पहिल्या घराची, कारण त्या घराच्या बोलावण्याने पाऊल उचललं गेलं. दोघींनी आधी फोन करून एकाच दिवशी बोलावलं असेल तर दोघी प्रयोजक, मग अर्धं अर्धं. मी आता असंच करतो. समोरच्या घरचे खुश होतात, पहिल्या घरच्या जरा हिरमुसतात, पण मुळात पैसे दिले कशाचे हे सांगितल्यावर बहुतेक समजून घेतात. बिल मी वेळावर बांधत नाही, बोलावण्यावर बांधतो. गाडी रखडून तासाचे दोन तास झाले तरी रक्कम तीच, त्यामागेही हेच.

काळाबद्दलही एकदा बोलणं झालं. युरोपातल्या मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मपंडितांनी व्याजाला विरोध करताना म्हटलं होतं, की सावकार काळ विकतो आणि काळ देवाचा आहे, त्यामुळे तो परक्याचा माल विकतो. अण्णांना हे फार आवडलं. "मग तू लोकलमधला तास कसा विकतोस?" मी तास विकत नाही, बोलावण्याला दिलेला होकार पाळतो, हे उत्तर मला तेव्हा सुचलं आणि अजून त्याहून बरं सुचलेलं नाही.

माझे वडील असते तर त्यांनी या सगळ्याला दोन वाक्यांत उडवून लावलं असतं. खेड तालुक्यात आमची थोडी कोरडवाहू शेती, आणि वडील कीर्तन करायचे. तुकोबांचा दंडक कडक आहे: कीर्तनाचं काही घ्यायचं नाही, देणाराही त्यात सुटत नाही. वडिलांनी बिदागी कधी घेतली नाही. पण परगावी बोलावणं आलं की एसटीचं तिकीट मात्र घ्यायचे, न लाजता, हातात मोजून. गावातल्या एका माणसाने टोमणा मारला तेव्हा म्हणाले, "कीर्तन विठोबाचं आहे, एसटी महामंडळाची." त्या तिकिटाच्या पैशात त्यांचा दिवस धरलेला नसायचा, शेतातलं काम पडलेलं असायचं ते आई ओढायची. म्हणजे खर्च घ्यायचा आणि वेळ सोडायचा, अशी त्यांची वाटणी होती. ती मला लागू पडत नाही. त्यांच्या कीर्तनामागे जमीन होती, थोडी का होईना. माझ्या खिडक्यांमागे दुसरं काही नाही. आणि आईच्या अंगावर पडलेल्या कामाचा हिशोब त्या वाटणीत कुणीच धरला नव्हता. कुणाचाच नसलेला वेळ म्हणतो तो बहुतेक घरातल्या बाईचा निघतो. बायको मला हे नेहमी ऐकवते आणि तिचं बरोबर आहे.

वडील आळंदीहून पंढरपूरला चालत जायचे. तिथे चालणं हेच काम, पोचणं हा त्याचा शेवट. कुणीतरी हौसेने मला म्हणतं, "तुमचीही रोजची वारीच की!" माझ्या वाटेवर विठ्ठलवाडी स्टेशन रोज लागतं, तेवढ्याने वारी होत नाही. वारीत माणूस आपण होऊन निघतो. डोंबिवलीला डब्यात शिरणारी गर्दी आपण होऊन निघालेली नसते. असल्या उपमांनी गर्दीचं काहीही कमी होत नाही, फक्त बोलणाऱ्याला बरं वाटतं. वाट हेच ज्यांचं काम असे लोक माझ्या डब्यात असतात, ते म्हणजे डबेवाले. त्यांतले कितीतरी वारकरी. त्यांना वाटेचे वेगळे पैसे कुणी विचारत नाही, कारण वाटेपलीकडे ते विकतच नाहीत काही. माझ्याकडे वाट आणि काच दोन्ही आहे, म्हणून भांडण.

कायद्यातही हा प्रश्न आहे, आणि तो मुंबईतच फार चांगला सोडवला गेला. १९५७ साली बेस्टचा एक ड्रायव्हर जोगेश्वरी डेपोत बस लावून, काम संपवून, दुसऱ्या बेस्ट बसने सांताक्रूझला घरी निघाला. त्या बसला अपघात झाला आणि पुढे त्यात तो गेला. काम तर संपलं होतं. तरी १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवलं की हा मृत्यू कामातलाच. ड्रायव्हरांना बेस्टच्या बसमधून जाऊ देण्यामागे शहरभरची सेवा नीट चालावी हाच हेतू होता. पुढे २०२५ मध्येही मराठवाड्यातल्या साखर कारखान्याच्या एका पहारेकऱ्याच्या बाबतीत, जो पहाटे तीनच्या पाळीला निघाला असता वाटेत गेला होता, ती वाट कामाला जोडलेली धरली गेली. युरोपच्या न्यायालयाने २०१५ साली स्पेनमधल्या फिरत्या तंत्रज्ञांबद्दल म्हटलं, की ज्यांना ठरलेलं ऑफिसच नाही त्यांचा घर ते पहिलं गिऱ्हाईक आणि शेवटचं गिऱ्हाईक ते घर हा प्रवास कामाचाच वेळ आहे. हे सगळे निकाल मला धीर देतात आणि माझ्या काही उपयोगाचे नाहीत. त्या सगळ्यांना मालक होता. माझा मालक मीच. मी मलाच वाटेचे पैसे द्यायचे तर कुठल्या खिशातून कुठल्या खिशात?

राहिली परतीची वाट. तिचे पैसे मी घेत नाही. अण्णांना, गंमत म्हणजे, हे पटत नाही. ज्यांनी जातानाची वाट वर्षभर नाकारली तेच आता म्हणतात, सोमयागाच्या शेवटी अवभृथस्नान असतं, तेही यागाचंच अंग. मग तुझं परतणं कामाचं अंग कसं नाही? आणि बेस्टच्या त्या ड्रायव्हरचं काय? दुसऱ्या दिवशी बस चालवायची तर तो घरी पोचायला हवा, तसाच उद्याच्या खिडकीसाठी तूही पोचायला हवास. "परतीचे पैसे उद्याच्या गिऱ्हाइकाकडून घे," म्हणाले, आणि ही गोष्ट मी घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "अण्णा शहाणे आहेत. घ्या."

रात्रीचा रिक्षावाला परतीचं भाडं धरतो आणि मी ते देतो, त्याला रिकामी रिक्षा परत न्यावी लागते. त्याचं चुकत नाही. मी मात्र जाताना ज्याच्या बोलावण्यावर असतो त्याचा असतो; दहाला सांगितलं तर दहाला, मध्ये कुठे उतरायचं नाही, मित्र भेटला तरी थांबायचं नाही. परतताना मला कुणी बोलावलेलं नसतं. बदलापूरला ग्रंथसखा वाचनालय आहे, तिथे पुस्तक बदलायचं असलं की सरळ घर गाठतो. नसलं की कल्याणला उतरतो आणि तासभर बाजारात फिरतो. परतीचे पैसे घेतले तर तो तास गिऱ्हाइकाचा होईल आणि मधेच उतरणं लबाडी ठरेल. कल्याणला भाजी बदलापूरपेक्षा बरीच स्वस्त मिळते.